नवा डेस्कटॉप: जोडणी कशी करावी, आत काय असते

आमच्याकडून डेस्कटॉप नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही मशीनसोबत हे पत्रक देतो. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी बिघाडाच्या नसतात. केबल भलत्याच ठिकाणी लागलेली असते, मागचे एखादे बटण बंद राहिलेले असते, किंवा मशीन आपले काम नीट करत असते आणि आपल्याला ते बंद पडल्यासारखे वाटते. म्हणून आधी हे वाचा, मग खोके उघडा. उघडून झाले असेल तरी हरकत नाही, बहुतेकांचे तसेच होते.

खोक्यातून काढताना

ज्या मशीनमध्ये जड ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचे चित्र तयार करणारे वेगळे कार्ड) असते, त्यात ते प्रवासात हलू नये म्हणून आम्ही आतून फोमची पिशवी लावतो. ती काढल्याशिवाय मशीन सुरू करू नका. पंख्याची पाती फोममध्ये अडकतात आणि कार्ड तापते. बाजूचे झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असते, ते हातानेही फिरतात. झाकण काचेचे असेल तर ते काढून मऊ कापडावर किंवा गादीवर ठेवा. ही टेम्पर्ड काच असते. मधोमध दाबली तर सहज सोसते, पण कोपरा फरशीवर टेकला की अख्ख्या काचेचा चुरा होऊ शकतो.

खोक्याच्या तळाशी एक छोटी पिशवी राहते, ती टाकून देऊ नका. त्यात जादा स्क्रू असतात आणि वाय-फाय असलेल्या मशीनचे दोन अँटेनाही त्यातच असतात. ते मागच्या दोन सोनेरी आट्यांवर फिरवून बसवायचे. अँटेना न लावताही राउटर शेजारी असेल तर नेट चालते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. खोली बदलली की सिग्नल जातो आणि दोष वाय-फाय कार्डावर येतो.

कॅबिनेट कुठे ठेवायचे? मागे वीतभर मोकळी जागा हवी, कारण गरम हवा तिथून बाहेर पडते. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तळाशी असतो आणि खालून हवा ओढतो, म्हणून गालिच्यावर ठेवू नका. संगणकाच्या टेबलाला दार असलेला कप्पा असतो तो दिसायला छान. पण दार लावून मशीन चालवले तर तीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत जाते.

वीज

मागच्या बाजूला, जिथे वीजेची केबल लागते तिथेच, एसएमपीएसचा छोटा स्विच असतो. त्यावर एक रेघ आणि एक शून्य छापलेले असते. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. मशीन पाठवताना आम्ही तो बंद करतो, त्यामुळे समोरचे बटण कितीही दाबले तरी काहीच होत नाही. “मशीन डेड आहे” असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न याच स्विचचा असतो. जुन्या एसएमपीएसवर शेजारी ११५ आणि २३० लिहिलेला लाल सरकता स्विचही असे. तसला जुना एसएमपीएस वापरत असाल आणि तुमच्याकडे २२० ते २४० व्होल्टचा पुरवठा असेल, तर तो स्विच ११५ वर ठेवून मशीन कधीही सुरू करू नका. आतून मोठा आवाज येईल आणि काम तिथेच संपेल.

केबल तीन पिनांची असते, तीनही पिना वापरा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर जवळजवळ नेहमी अर्थिंग नसल्याचे ते लक्षण असते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बसवलेले असतात. त्यांतून किंचित प्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थिंग असेल तर जमिनीत निघून जातो. वाट नसेल तर तो तुमच्या बोटाची वाट धरतो. याला उपाय मशीनमध्ये नाही, भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

यूपीएस घेणार असाल तर व्हीए आणि वॉट यांची गल्लत करू नका. ६०० व्हीएचे अनेक यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासचाच भार पेलतात. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला ते पुरत नाहीत आणि नेमके वीज गेल्यावरच ते कळते. यूपीएस हा काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता असतो, त्यावर तासभर काम करायचे नसते. लेझर प्रिंटर यूपीएसला मुळीच लावू नका. कागदावरची पूड वितळवण्यासाठी त्यातला हीटर एकदम खूप वीज ओढतो.

मागची पोर्ट

इथे घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक केबली अशा घडवलेल्या असतात की चुकीच्या जागी बसतच नाहीत. जोर लावावा लागतो आहे असे वाटले की थांबा, बाजू उलटी आहे किंवा जागा चुकली आहे.

एक चूक मात्र सहज होते, कारण ती केबल दोन्हीकडे बसते. ती म्हणजे मॉनिटरची केबल. कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात पोर्टांचा उभा पट्टा दिसतो, तो मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीचा. त्याच्या खाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांपैकी जिच्यावर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची तोंडे आहेत, ती ग्राफिक्स कार्डाची. तुमच्या मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल खालच्या आडव्या पट्टीतच लावा. वर लावली तर दोनपैकी एक होते. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसेल तर स्क्रीन काळी राहते आणि चूक लगेच कळते. असेल तर चित्र येते, सगळे ठीक वाटते, आणि ज्याच्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजले ते कार्ड आत नुसते बसून राहते. ही दुसरी तऱ्हा आम्हाला जास्त वाईट वाटते.

डिस्प्लेपोर्टच्या टोकाचा एक कोपरा तिरपा कापलेला असतो आणि बऱ्याच केबलींना वर छोटा खटका असतो. काढताना खटका दाबून मगच ओढा. तसेच ओढले तर पोर्ट सैल होते. मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा असेल तर जोडल्याबरोबर तो १४४ वर चालेलच असे नाही. अनेकदा विंडोज त्याला ६० वरच ठेवते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट एकदा हाताने बदलावा लागतो.

यूएसबीची पोर्ट आतून काळी किंवा निळी दिसतील. रंग हा काही पक्का नियम नाही, पण साधारणपणे काळे म्हणजे यूएसबी २.०, सेकंदाला ४८० मेगाबिट. निळे म्हणजे यूएसबी ३.०, ५ गिगाबिट. कीबोर्ड आणि माउस यांना वेगाची गरज नसते, त्यांना काळी द्या. निळी पोर्ट पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी राखा. वायरलेस माउस अडखळत चालत असेल तर त्याचा रिसीव्हर निळ्या पोर्टात, एखाद्या चालू हार्ड डिस्कच्या शेजारी आहे का ते पाहा. यूएसबी ३.० मधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो आणि रिसीव्हरही त्याच पट्ट्यात ऐकत असतो. रिसीव्हर समोरच्या पोर्टात हलवला की माउस सुधारतो. त्यापायी नवा माउस घेऊ नका.

स्पीकर हिरव्या भोकात, माइक गुलाबी भोकात. जोडणी बरोबर असूनही आवाज येत नसेल तर विंडोज तो एचडीएमआयमधून मॉनिटरकडे पाठवत असण्याची शक्यता जास्त. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला. काही बोर्डांवर अजूनही गोल पीएस/२ पोर्ट असते, १९८७ पासून चालत आलेले. त्याला कीबोर्ड लावायचा असेल तर मशीन बंद असतानाच लावा.

पहिल्यांदा सुरू करताना

डीडीआर ५ प्रकारच्या रॅमचे (चालू काम तात्पुरते धरून ठेवणाऱ्या मेमरीचे) मशीन पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते, कधीकधी काही मिनिटे. पंखे फिरतात, दिवे लागतात, चित्र येत नाही. या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. नेमके याच वेळी घाबरून बटण दाबले जाते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. चहा-पाणी करून या. रॅम बदलल्यावर किंवा बायोस (मशीन सुरू करणारे, बोर्डातच असलेले सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावरही असेच होते. पुढच्या वेळी मशीन पटकन उठते.

एरवी मशीन अडकले आणि काहीच दाद देईना, तर समोरचे बटण ५ ते १० सेकंद दाबून धरले की ते बंद होते. हा शेवटचा उपाय समजावा.

झाकण उघडून पाहा

ग्राहकाने मशीन उघडू नये असे काही विक्रेते सांगतात. आमचे मत वेगळे आहे. झाकण उघडल्याने आमची वॉरंटी जात नाही आणि आत काय आहे हे एकदा पाहिलेला माणूस फोनवर नेमके बोलतो. शटडाउन करा, मागचा स्विच बंद करा, केबल काढा, मग समोरचे बटण काही सेकंद दाबा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, अंगावरची स्थिर वीज तिकडे जाते.

सगळ्यात मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड. तिच्यावर पंख्याखाली झाकलेला प्रोसेसर आहे. तो दिसणार नाही, आणि केवळ पाहण्यासाठी पंखा काढू नका. मधली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) मग पुसून नव्याने लावावी लागते. स्वस्थ बसलेला प्रोसेसर साधारण ३५ ते ५० अंश असतो, जोरात काम करताना ८० पर्यंत जातो. शंभरीच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. मशीन अचानक मंद झाले तर व्हायरसच्या आधी तापमान पाहा.

प्रोसेसरच्या शेजारी रॅमच्या उभ्या पट्ट्या. चार स्लॉट असतील आणि दोनच पट्ट्या असतील, तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असतात. मध्ये रिकामी जागा दिसते ती मुद्दाम आहे. अशाने प्रोसेसरला दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी बोलता येते. “एक शेजारी सरकवली” असे करू नका. पुढे रॅम वाढवायची असेल तर नुसते ‘८ जीबी’ सांगू नका. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोन्हींना २८८ टोके असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. आणि ६००० लिहिलेली डीडीआर ५ रॅम ४८०० वर चालताना दिसली तर फसवणूक समजू नका. पुढचा वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो नावाच्या पर्यायाने चालू करावा लागतो. आम्ही तो चालू करूनच देतो, पण बायोस रीसेट झाले की तो पुन्हा बंद होतो.

बोर्डावरच चिकटलेली, च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी म्हणजे तुमची माहिती साठवणारी एम.२ एसएसडी. तिच्यावर २२८० लिहिलेले असते. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. सोबत जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क घेतली असेल तर ती खालच्या पिंजऱ्यात असते. तिच्यातली तबकडी मिनिटाला ७२०० किंवा ५४०० फेरे मारते आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. चालू मशीन पायाने सरकवू नका असे आम्ही का सांगतो ते यावरून कळेल.

“१ टीबी घेतले, ९३१ जीबीच दिसते” ही तक्रार दर आठवड्याला येते. डिस्क बनवणाऱ्याच्या हिशोबात १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते. तिच्या हिशोबात १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. भागाकार केला की ९३१ येते. जागा कोणी खाल्लेली नाही.

नाण्यासारखी चकचकीत गोल बॅटरी दिसेल, तिच्यावर सीआर२०३२ लिहिलेले असते. ३ व्होल्टची ही बॅटरी मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवते. काही वर्षांनी दर वेळी तारीख मागे जाऊ लागली तर ही बदला, एवढेच.

एसएमपीएस हा एकच डबा असा आहे जो तुम्ही उघडायचा नाही. केबल काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब काही काळ राहू शकतो. त्याच्या पंख्यात धूळ साचली तर बाहेरूनच फुंका. रंगीत दिव्यांबद्दल विचारणारे पुष्कळ असतात: त्यांनी वेग वाढत नाही, पण त्रासही काही नाही.

धूळ

दर तीन ते सहा महिन्यांनी. मशीन बंद करून, केबल काढून, हवेच्या डब्याने किंवा ब्लोअरने, आणि पंख्याची पाती बोटाने धरून. मोकळी पाती हवेच्या जोराने भरमसाट फिरतात आणि बेअरिंग जाते. ओले फडके नको, घरचा व्हॅक्युम क्लीनरही नको. त्याच्या तोंडाशी स्थिर वीज तयार होते.

आम्हाला फोन करण्याआधी

बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन सुरू होताना ते एकेक लागून विझतात. जो विझत नाही, त्याचे नाव आम्हाला सांगा. डीरॅमचा दिवा राहिला असेल तर रॅमच्या पट्ट्या काढून दोन्ही कडांचे खटके ‘टक’ वाजेपर्यंत पुन्हा बसवा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. दिवा नसेल तर पंखे फिरतात का, बीप वाजते का, स्क्रीनवर काही अक्षरे येतात का, एवढे पाहून ठेवा. अक्षरांचा फोटो काढून पाठवला तर फारच उत्तम.

मशीन आणून द्यावे लागले तर आधी आपल्या माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, शक्य असेल तर. कीबोर्ड, माउस, मॉनिटर घरीच राहू द्या. जड ग्राफिक्स कार्ड असलेले कॅबिनेट गाडीत उभे ठेवू नका. झाकणाची बाजू वर करून आडवे ठेवा, म्हणजे कार्ड आत उभे राहील आणि खड्ड्यांत त्याचे वजन स्लॉटवर लोंबणार नाही.