पाडव्याच्या रात्री आकाशातून पडलेलं कडं

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. दिवस मावळायच्या आत गुढ्या उतरल्या होत्या. पोरांच्या गळ्यातल्या गाठ्या निम्म्याअधिक खाऊन झाल्या होत्या. मोहफुलांचे दिवस, पहाटेच जंगलात जायचं, म्हणून बायका लवकर निजायच्या बेतात होत्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या धानाच्या मुलखात उन्हाळ्यातली संध्याकाळ अंगणातच जाते. पावणेआठच्या सुमाराला पश्चिमेकडून आगीच्या रेघा निघाल्या. एक नाही, एकामागे एक अशा कितीतरी, आणि सगळ्या एकाच वाटेनं पूर्वेकडे चाललेल्या.

"पावू नोको, तारा तुटला," शेजारची आजी नातवाला म्हणाली. तुटता तारा पाहू नये, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. पण मग ती स्वतःच मान वर करून पाहत राहिली, कारण तारा काही विझेना. "गुरुजी, हे का होय जी?"

मला त्या क्षणी नीट सांगता आलं नाही.

थोड्याच वेळात बातमी आली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर मोठा आवाज होऊन धातूचं एक भलंमोठं कडं पडलं होतं, तीनेक मीटर व्यासाचं. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात पवनपारजवळ एक पोकळ गोळाही सापडला. टीव्हीवर तेव्हा युक्रेनचं युद्ध चालू होतं, म्हणून कुणी क्षेपणास्त्र म्हणालं. व्हॉट्सअॅपवर उडत्या तबकड्या आल्या. आणि सकाळीच पंचांगातून वर्षफल ऐकलेली माणसं वेगळ्याच काळजीत पडली. शके १९४४चं नाव शुभकृत संवत्सर. शुभ करणाऱ्या वर्षाच्या पहिल्याच रात्री आकाशातून आग पडावी, याचा अर्थ काय लावायचा?

या काळजीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. आजीच्या तोंडून जे निघालं, त्यातच उत्तराची किल्ली होती: तारा विझेना.

खरी उल्का म्हणजे अवकाशातून येणारा दगड किंवा धुळीचा कण. तो वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. त्याचा खेळ सहसा एक-दोन सेकंदांत आटोपतो. 'तो बघ' म्हणेपर्यंत संपलेला असतो. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणारी माणसानं बनवलेली वस्तू मात्र सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास धावते. हाही वेग काही थोडा नाही, नागपूरहून सरळ रेषेत मुंबई गाठायला दीड मिनिट. पण उल्केपुढे ही चाल संथच. शिवाय ती जवळजवळ आडवी येते, त्यामुळे लांबलचक वाट उजळत जाते. वाटेत ती फुटते आणि तुकडे एकाच रांगेत मागेपुढे जळत राहतात. संथ चाल, पुष्कळ तुकडे, एकच वाट. ही तिन्ही लक्षणं आमच्या अंगणातून उघड्या डोळ्यांनी दिसली होती.

पहिल्या काही तासांत त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या एका रॉकेटचं नाव घेतलं गेलं. पण कक्षांचा हिशेब जुळला तो चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी, म्हणजे उपग्रहाला वर ढकलून रिकाम्या उरलेल्या त्याच्या भागाशी. अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तो ओळखला. हे रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे जे आमच्या डोक्यावर जळालं, ते चौदा महिने वर घिरट्या घालत होतं.

मग ते आताच का पडलं? मला सगळ्यात जास्त ओढ याच प्रश्नाची आहे.

असा टप्पा उपग्रहाला लंबगोल कक्षेत सोडतो. कक्षेचं वरचं टोक पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर, खालचं टोक जेमतेम दोनेकशे किलोमीटरवर. उपग्रह स्वतःच्या इंजिनानं वर निघून जातो, रिकामा टप्पा मात्र त्याच वाटेवर फिरत राहतो. दोनशे किलोमीटरवरही हवा असते, अत्यंत विरळ, पण असते. झोक्यावरच्या पोरानं प्रत्येक खेपेला खाली आल्यावर पाय जमिनीला घासला तर काय होईल? पुढचा झोका थोडा कमी उंच जाईल, त्याच्या पुढचा आणखी कमी. टप्प्याचंही तेच होतं. खालून जाताना प्रत्येक वेळी हवा त्याचा थोडा वेग खाते आणि वरचं टोक उतरत जातं. शेवटी कक्षा गोल आणि बुटकी होते. मग दाट हवेशी गाठ पडते आणि सुमारे ८० किलोमीटर उंचीवर टप्पा फुटतो.

सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत उल्कांवर एक अख्खा अध्याय लिहिला. त्याची सुरुवातच अशी, की स्वर्गात आपल्या शुभकर्मांचं फळ भोगून झालेले जीव खाली पडताना जी रूपं दिसतात, त्या उल्का. पुण्य सरलं की खाली यायचं. गीतेतही 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति' असंच आहे. झोक्याचं उदाहरण वर्गात सांगताना मला हे वाक्य हटकून आठवतं. वर जाण्याच्या वेळी मिळालेली ऊर्जा हीच त्या टप्प्याची पुंजी, आणि खेपेखेपेनं ती सरत जाते.

मात्र यावरून प्राचीनांना रॉकेट ठाऊक होतं असं कुणी सांगू लागला तर मी त्याला थांबवीन. ही उपमा आहे, सुंदर आहे, पण पुरावा नव्हे. वराहमिहिराचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. त्याच अध्यायात तो पडणाऱ्या तेजांचे पाच प्रकार करतो: धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा. उल्केचं डोकं मोठं, शेपूट बारीक, पडताना ती वाढत जाते, असं तो नोंदवतो. शकुन सांगायचा असला तरी आधी नीट पाहायचं, आकार आणि आवाज यांवरून वर्गवारी करायची, ही शिस्त त्याच्याकडे होती.

कडं आणि गोळाच का वाचले, हेही पोरांनी विचारलं. टप्प्याचं बहुतेक अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, आणि अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. अशा रॉकेटमधल्या दाबाच्या वायूच्या गोल टाक्या बहुधा टायटॅनियमच्या असतात, नाहीतर कार्बनच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या. टायटॅनियमला वितळायला १,६६८ अंश लागतात. त्यात वस्तू पोकळ, आकाराच्या मानानं हलकी. त्यामुळे हवा तिला उंचावरच अडवते, आणि जमिनीपर्यंत येताना ती अवकाशातल्या वेगानं नाही, झाडावरून पडावी तशी येते. म्हणून लाडबोरीत खड्डा पडला नाही. बुलडाण्यातलं लोणार घ्या: तिथे बसाल्टच्या खडकात १.८ किलोमीटरचं विवर झालं, कारण आलेला पाषाण अवाढव्य होता आणि त्याचा वेग हवेला अडवता आला नाही. तिथल्या लोकांनी लवणासुराच्या वधाची कथा सांगितली, दैत्यसूदनाचं देऊळ उभारलं. आमच्या वाट्याला आलेलं कडं पोलिसांनी नेलं, आणि इस्रोचे लोक तपासणीला आले.

१९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं, तर भरपाईची जबाबदारी ती पाठवणाऱ्या देशाची. १९७८ साली सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा साफसफाईपोटी कॅनडानं तीस लाख डॉलर वसूल केले होते. आमच्याकडे कुणाला ओरखडाही आला नाही. तरी पोरांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: असं काही शेतात दिसलं तर हात लावायचा नाही. काही टाक्यांत हायड्राझीन नावाचं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लांबूनच पाहायचं आणि पोलीस पाटलांना कळवायचं.

महिनाभरानं आजीला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मोहाची टोपली बाजूला सारून तिनं विचारलं, "मंग असे अखीन किती हायत वर?"

दहा सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडेच तीस हजारांच्या वर आहेत, मी म्हणालो.

तेव्हापासून आमच्या गल्लीतली पोरं रात्री अंगणात खाटा टाकल्या की आकाशाकडे तोंड करून मोजायला तयार असतात. काही चमकलं की आजीच ओरडते, "मोजा रे!" एक, दोन. दोनच्या आत विझला तर दगड.