नाकपुडीखालची बोटभर जागा : कायानुपश्यनेच्या शिबिराची पार्श्वभूमी

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी दुपारी लक्ष ठेवायला एवढीच जागा उरलेली असते: नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, बोटभर. पहिल्या दिवशी श्वास येतोय-जातोय हेही धड टिकत नाही. मन घरच्या हप्त्यांत, मुलांच्या परीक्षेत, कुणाशी तरी झालेल्या जुन्या भांडणात जाऊन बसतं. तिसऱ्या दिवशी मात्र त्या बोटभर जागेवर काहीतरी जाणवू लागतं. श्वास आत येताना गार, बाहेर पडताना कोमट. मध्येच खाज, मध्येच बारीकशी धडधड. चौथ्या दिवशी दुपारी तेच लक्ष टाळूवर न्यायला सांगतात आणि तिथून कपाळ, चेहरा, खांदे, पाठ असं उतरत पायाच्या बोटांपर्यंत. जिथे जे जाणवेल ते नुसतं पाहायचं, हलायचं नाही, ओरबाडायचं नाही. कायेकडे असं नुसतं पाहत राहणं म्हणजे कायानुपश्यना.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा दुसऱ्या एखाद्या केंद्रावर हे करून आलेली माणसं आज मराठी घरांत पुष्कळ आहेत. ‘बुद्धांनी शिकवलेली साधना’ एवढं त्यांना ठाऊक असतं. बुद्धवचनातली ही साधना ते पहाटे चारची घंटा असलेलं शिबिर, यामधला प्रवास सहसा सांगितला जात नाही. तो लांबचा आहे आणि त्याची एक वाट रत्नागिरीवरून जाते.

मूळ वचन आहे सतिपट्ठान सुत्ताचं, सुत्त म्हणजे बुद्धांचं प्रवचन. मज्झिम निकाय या पाली प्रवचनसंग्रहात ते दहावं आहे. त्याचाच विस्तार दीघ निकाय या दुसऱ्या संग्रहात बाविसावा, महासतिपट्ठान सुत्त म्हणून. प्रसंग कुरु देशातल्या कम्मासधम्म गावचा. तिथे बुद्ध भिक्खूंना स्मृतीची, म्हणजे भानाची, चार ठाणी सांगतात: काया, वेदना (म्हणजे सुखद-दुःखद सगळ्याच संवेदना), चित्त आणि धम्म (म्हणजे मनाला जाणवणारे विषय). यातलं पहिलं, कायेचं प्रकरण सर्वांत लांबलचक. त्यात सहा भाग आहेत: श्वास; चालणं-उभं राहणं-बसणं-निजणं; खाताना, चीवर घेताना, अगदी मलमूत्र विसर्जन करतानाही राखायचं भान; शरीराचे घटक; पृथ्वी-आप-तेज-वायू या चार धातूंचा विचार; आणि शेवटी स्मशानात टाकलेल्या प्रेताच्या नऊ अवस्था. त्या नऊ वेगळ्या मोजल्या तर कायेच्याच चौदा साधना होतात.

या सुत्ताची पाली मराठी कानाला परकी वाटत नाही. ‘गच्छन्तो वा गच्छामीति पजानाति’, चालत असेल तेव्हा ‘चालतो आहे’ असं जाणतो. शरीराच्या घटकांची यादी ‘केसा लोमा नखा दन्ता तचो’ अशी सुरू होते. केस, लव, नखं, दात, त्वचा. कुणी भाषांतर करून सांगायचीही गरज नाही. याच भागातली एक उपमा मला फार आवडते. दोन्हीकडे तोंड असलेली एक पिशवी आहे, नाना धान्यांनी भरलेली. डोळस माणूस ती सोडतो आणि पाहतो: या साळी, हे वीही, हे मूग, हे उडीद, हे तीळ, हे तांदूळ. तसंच आपण आपल्या शरीराकडे पाहायचं, तळव्यापासून वर, केसांच्या टोकापासून खाली. मळणीनंतर धान्य निवडणाऱ्या माणसाची नजर आहे ही. त्यात किळस नाही आणि कौतुकही नाही. कुठला दाणा कुठला, एवढंच ओळखायचं.

किळस हाताबाहेर गेली तर काय होतं, हेही त्याच परंपरेने लिहून ठेवलं आहे. संयुत्त निकाय या आणखी एका संग्रहात आणि भिक्खूंच्या नियमांच्या विनयपिटकातही एक प्रसंग येतो. वैशालीच्या महावनात बुद्धांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभतेवर ध्यान सांगितलं आणि स्वतः पंधरवडाभर एकांतात गेले. परतले तेव्हा संघ विरळ झाला होता. शरीराची घृणा येऊन अनेकांनी जीव दिला होता. तेव्हा त्यांनी उरलेल्यांना एकत्र बोलावून आनापानस्मृती शिकवली, श्वासाचं भान. त्यासाठी दिलेली उपमा आहे उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात उडालेली धूळ एका सरीत बसवून टाकणाऱ्या अवकाळी मेघाची. आपण त्याला वळीव म्हणतो. आजच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास का, याचं व्यवहारातलं उत्तर ‘मन एकाग्र व्हावं म्हणून’ असं मिळतं आणि ते बरोबरच आहे. पण कायेकडे पाहण्याआधी मन शांत आणि सुरक्षित हवं, ही काळजी इतक्या जुन्या काळी, इतकी मोठी किंमत मोजून शिकलेली आहे. ती मला पद्धतीच्या तपशिलापेक्षा मोठी वाटते.

‘शिबिर’ हा शब्द नवा असला तरी एका जागी थांबून साधना करण्याची चाल बुद्धकाळापासूनची. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, हा वर्षावास. कान्हेरी, भाजे, बेडसे, नाशिकची त्रिरश्मी लेणी पाहताना हे ध्यानात ठेवावं. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. खोलीत दगडी बाक, दाराशी पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. एका माणसाला निजता-बसता येईल एवढीच जागा. आजच्या केंद्रांवरच्या शून्यागारात, म्हणजे पॅगोड्याच्या पोटातल्या एकेकट्या खोलीत, पहिल्यांदा बसलो तेव्हा मला कान्हेरीच आठवली होती.

पण लेण्यांपासून शिबिरापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. भारतात ही परंपरा तुटली. ती टिकली श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात, तीही मुख्यतः भिक्खूंकडे. पाचव्या शतकात अनुराधपुरात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग लिहिला आणि साधनेचं शास्त्र बारकाईने मांडलं. गृहस्थाने दान द्यावं, शील पाळावं, पुण्य जोडावं. डोळे मिटून कायेचं निरीक्षण करणं हे बहुतेकांना आपलं काम वाटत नसे. हे बदललं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि बदललं ते एका राज्याच्या पाडावामुळे.

ब्रह्मदेशात मंडालेच्या मिंडोन राजाने सारं तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचे सगळे पाली ग्रंथ, 729 संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं आणि 1871 मध्ये पाचवी धम्मसंगीती, म्हणजे भिक्खूंची धर्मसभा, भरवली. चौदा वर्षांनी, 1885 मध्ये, इंग्रजांनी त्याच्या मुलाचं, थिबाचं, राज्य घेतलं. थिबाला रत्नागिरीला आणून ठेवलं. तो तिथेच 1916 मध्ये वारला. त्याचा राजवाडा आपण आजही पाहायला जातो. रत्नागिरीच्या सहलीत हा एका दुर्दैवी राजाचा किस्सा असतो. ब्रह्मदेशात मात्र त्याच्या जाण्याने संघाचा आधारच गेला. धम्माचं रक्षण करणारा राजा उरला नाही, आणि शासन, म्हणजे बुद्धांची शिकवण, लोप पावणार ही भीती घरोघर शिरली.

या भीतीला लेडी सयाडो या विद्वान भिक्खूंनी (1846–1923) फार वेगळं उत्तर दिलं. राजा नसेल तर प्रजेने धम्म सांभाळावा. त्यांनी गावोगाव फिरून गृहस्थांना अभिधम्म, म्हणजे बौद्ध तत्त्वचिंतन, शिकवला, साध्या ब्रह्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या आणि विपश्यना शेतकऱ्यालाही करता येते असं ठामपणे सांगितलं. त्यांच्या शिष्यांपैकी सया तेजी हे खरोखरच शेतकरी होते. मराठी माणसाला मंडाले ठाऊक आहे ते लोकमान्यांच्या तुरुंगामुळे, 1908 ते 1914. त्याच वर्षांत त्याच देशात तुरुंगाबाहेर ही चळवळ वाढत होती.

सया तेजींकडे 1937 मध्ये एक सरकारी हिशेबनीस शिकायला आला, ऊ बा खिन. ब्रह्मदेश 4 जानेवारी 1948 ला स्वतंत्र झाला तेव्हा तो देशाचा महालेखापाल झाला. आपल्या कचेरीतल्या लोकांना तो साधना शिकवत असे, आणि 1952 मध्ये त्याने रंगूनला ध्यानकेंद्र उभं केलं. नोकरदाराने रजा काढावी, दहा दिवस बसावं आणि परत कामावर रुजू व्हावं, असा त्या शिबिरांचा आवाका होता.

त्याच रंगूनमध्ये महासी सयाडो या भिक्खूंची पद्धत वेगळी होती. तिथे लक्ष पोटावर: फुगतंय, ओसरतंय. पाऊल उचलतंय, पुढे जातंय, टेकतंय. जे होईल त्याची मनात नोंद. पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याच शिबिरांत आज हीच रीत दिसते. ऊ बा खिन यांच्या परंपरेत नोंद नाही, शब्द नाही. साऱ्या देहातून संवेदना पाहत फिरायचं. दोन्ही मंडळी एकाच सुत्ताचा आधार घेतात. त्या सुत्तात श्वासाच्या भागात एक शब्द आहे, ‘सब्बकायपटिसंवेदी’, साऱ्या कायेचा अनुभव घेत. बुद्धघोषांच्या मते इथे काया म्हणजे श्वासाची काया, श्वासाचा आदि-मध्य-अंत. दुसरे म्हणतात, काया म्हणजे हा आख्खा देह. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, कारण चौथ्या दिवशी श्वासावरून देहावर जाताना कुठे उडी मारल्यासारखं वाटत नाही. पण हा बसण्याचा अनुभव झाला, पालीचा पुरावा नव्हे. शिवाय सुत्तात काया आणि वेदना ही दोन वेगळी ठाणी आहेत. दहा दिवसांच्या शिबिरात ती एकमेकांत मिसळतात. कायेकडे पाहायचं ते संवेदनांतूनच. हा या परंपरेने केलेला निर्णय आहे, आणि साधकाला तो माहीत असावा.

मंडालेत 1924 साली जन्मलेले सत्यनारायण गोयंका व्यापारी होते आणि अर्धशिशीने बेजार. दुखणं थांबवायला मॉर्फिन घ्यावं लागे. ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा आधी नकार मिळाला: फक्त डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका. 1955 मध्ये ते पहिल्यांदा बसले. चौदा वर्षांनी भारतात आले आणि 3 जुलै 1969 रोजी मुंबईत एका धर्मशाळेत त्यांचं पहिलं शिबिर सुरू झालं. साधक होते चौदा, त्यात त्यांचे आईवडील. इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं 1976 मध्ये. 1994 मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारभर कैदी एकाच शिबिरात बसले. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 पासून रुग्णांसाठी बसवलेल्या कार्यक्रमात निजून देहभर लक्ष फिरवण्याची जी साधना आहे, तिचं मूळही ऊ बा खिन यांच्या परंपरेत सापडतं.

याआधी मराठीत ही वाट एका माणसाने दाखवून ठेवली होती. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (1876–1947) बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, 1902 मध्ये श्रीलंकेला पोचले, भिक्खू झाले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. विसुद्धिमग्गाचं संपादन त्यांनी केलं आणि ‘समाधिमार्ग’ लिहून हे शास्त्र मराठीत आणलं. शिबिरांची लाट येण्याच्या कितीतरी आधी आनापान, अशुभ, धातू हे सारं आपल्या भाषेत वाचायला मिळत होतं. धम्मगिरीच्या वाटेवर कोसंबींचं नाव क्वचितच कानी येतं, याची मला हळहळ वाटते.

दहा दिवसांत त्या चौदा साधनांपैकी फार थोड्यांची ओळख होते. श्वास होतो, उठता-बसता भान ठेवा हे सांगितलं जातं. केस, दात, त्वचा यांची यादी आणि स्मशान बाजूला राहतात, आणि नवख्या माणसासाठी ते योग्यच आहे. वैशालीची आठवण पुरेशी आहे. ज्याने निदान तीन शिबिरं केली आहेत आणि घरी वर्षभर साधना चालू ठेवली आहे त्याला सतिपट्ठानाच्या आठ दिवसांच्या शिबिराला बसता येतं. तिथे रोज संध्याकाळी प्रवचनात मूळ सुत्त ऐकवतात.

मी बसलो होतो तेव्हा बाहेर पाऊस होता. दिवसभर गुडघ्यातली कळ पाहून पाहून थकलो होतो. ती आता कळ राहिली नव्हती. ऊब, ठोके, ताण, मग काही क्षण काहीच नाही, असं काहीतरी सुटं सुटं झालं होतं. सभागृहात ध्वनिमुद्रित आवाज पालीत धान्याच्या पिशवीपाशी आला. सालीनं, वीहीनं, मुग्गानं, मासानं, तिलानं, तण्डुलानं. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे शेतकरी बसले होते. ‘मुग्गानं’ला त्यांनी हळूच मान डोलावली.