चर्चनं लग्न रद्द केलं, म्हणजे घटस्फोट झाला?

वांद्रे-गोराईकडच्या कॅथलिक घरांत अजून ऐकू येतं: चर्चच्या ट्रायब्युनलनं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या न्यायमंडळानं, लग्न रद्द ठरवलं, की कोर्टाची पायरी चढायला नको. साफ चूक. १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आणि २०१७ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. नुसत्या चर्चच्या निकालावर दुसरं लग्न लावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ लागतं, सात वर्षांपर्यंत कैद.

ट्रायब्युनल आणि कोर्ट, दोन्हीकडे काम करणाऱ्या वकिलाची खरी कसरत पुराव्यात असते. ट्रायब्युनल विचारतं, वेदीपुढे ‘हो’ म्हणताना संमती खरी होती का? म्हणून साखरपुड्याच्या काळातले साक्षीदार, जुने वैद्यकीय कागद हवेत. बीकेसीच्या कुटुंब न्यायालयात ख्रिस्ती लोकांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली घटस्फोट मागताना भर लग्नानंतरच्या क्रौर्यावर किंवा दोन वर्षं सोडून जाण्यावर. एकच अर्ज दोन्हीकडे चिकटवणारे हमखास आपटतात. ट्रायब्युनलमध्ये विवाहबंधाची बाजू मांडणारा अधिकारी असतोच. तिथं कोर्टातला अर्ज नेला, तर ‘हे तर लग्नानंतर बिघडलं’ एवढा त्याचा मुद्दा पुरतो. उलटही खरं: नुसत्या कोर्टाच्या हुकूमनाम्यावर पाद्री पुन्हा लग्न लावत नाहीत.