बारावीनंतरचा प्रवेश : केंद्रावर येण्याआधी एवढं वाचून या

दिग्रस, दारव्हा, आर्णी भागातले विद्यार्थी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

निकाल लागला की आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रावर रांग लागते. फॉर्म भरायला फार वेळ जात नाही. गाडी अडते ती कागदांपाशी आणि कॉलेजांच्या पसंतीक्रमापाशी, आणि ही दोन्ही कामं रांगेत उभं राहून होत नाहीत.

आधी जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, कारण सगळ्यात जास्त दिवस तीच खाते. राखीव जागेवर इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी असं काही घ्यायचं तर नुसतं जातीचं प्रमाणपत्र पुरत नाही. लेकरू बारावीत असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. पुरावा जुना लागतो : अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या, ओबीसींना 1967 च्या. आजोबा-पणजोबांची नोंद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात किंवा कोतवाल बुकाच्या (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीच्या) नकलेत सापडते. नक्कल हातात पडली की तिथेच उभं राहून नाव वाचा. एका कागदावर ‘लक्ष्मण’ आणि दुसऱ्यावर ‘लखमन’ असेल, तर दोघं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

डोमिसाइल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला त्यामानाने सोपे. नॉन-क्रीमीलेयरवरची (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्रावरची) मुदत मात्र पाहा, ती 31 मार्चला संपते.

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करायचं तर अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजात थेट अर्ज करता येतो. आम्हाला विचाराल तर फॉर्मआधी त्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि तास, प्रॅक्टिकल खरंच होतात का ते विचारा. इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते आणि तिची नोंदणी बारावी चालू असतानाच होते. ती राहिली तर निकालानंतर आमच्याकडेही इलाज नाही.

आता पसंतीक्रम. “कमी मागणीचं कॉलेज वर टाका, लवकर लागते,” असा सल्ला गावोगावी फिरतो. तो चुकीचा आहे. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, तुमचा मेरिट क्रमांक आला की संगणक तुमची यादी वरून खाली तपासतो आणि जिथे पहिली जागा मिळेल तिथे थांबतो. म्हणून जे मनापासून हवं ते वर. अमरावतीचं शासकीय कॉलेज हवं असेल आणि भीतीपोटी दुसरंच पहिल्या क्रमांकावर टाकलं, तर ते लागताच जागा पक्की होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहून यादी घरी कागदावर लिहून आणा. त्यावर आईवडिलांशी भांडण व्हायचं ते घरीच होऊ द्या. आणि “कॅपमधून सीट काढून देतो” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, मूळ कागद तर नाहीच नाही.

पैशाचं थोडक्यात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क माफ आहे. त्यामुळे पोरीला फीच्या धास्तीने घरी बसवू नका. खोली-मेसचा खर्च वेगळा, त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेगळा भरावा लागतो आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. खातं विद्यार्थ्याचं स्वतःचं आणि चालू आहे ना, हे बँकेत विचारून या.

मोबाइल नंबर विद्यार्थ्याचा किंवा घरातल्या माणसाचाच द्या. ओटीपी पुण्याच्या कंपनीत ड्युटीवर असलेल्या काकांच्या फोनवर गेला की सगळं तिथेच थांबतं. पासवर्ड आम्ही ठेवत नाही, तुमच्या वहीत लिहून देतो. आमचे दर दुकानातल्या फळ्यावर आहेत, त्याहून जास्त कोणी मागितले तर देऊ नका. विजेचा भरवसा नसतो, म्हणून शेवटच्या तारखेला येऊ नका. सकाळच्या एसटीने या, फोन चार्ज करून आणा.