सीओटू लेझर मशीन: लेन्सची फुगीर बाजू वर की खाली?

"नवीन लेन्स टाकली, आरसे पुसले, तरी तीन एमएमचं ॲक्रेलिक कापंना झालंय." लग्नसराईत असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेन्स शेवटची काढली कोणी होती? कोल्हापुरात उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंत लेझरची ट्यूब बदलायला निघालेली मशीनं आम्ही नुसती लेन्स पलटून चालू केली आहेत. ट्यूब ठणठणीत, पॉवर सप्लाय ठीक, अलाइनमेंट जागेवर. साफ करायला काढलेली लेन्स परत घालताना उलटी बसलेली, एवढंच कारण. (हुपरीच्या चांदीवाल्यांकडची फायबर मशीनं यात धरू नका. ती १०६४ नॅनोमीटरची, त्यांची लेन्स निराळी.)

आधी उत्तर. फुगीर बाजू वर, म्हणजे शेवटच्या आरशावरून किरण येतो त्या बाजूला. खोलगट बाजू खाली, कामाकडे. ओट्यावर वाटी पालथी घालतो तशी. तुमची लेन्स मेनिस्कस (एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट) नसून प्लॅनो (एक बाजू फुगीर, दुसरी सपाट) असेल तर खोलगटच्या जागी सपाट बाजू खाली. बाकी नियम तोच.

आता कारण. "लेन्स उलटी केली म्हणून फोकल लेंग्थ थोडीच बदलते?" असं बरेच जण विचारतात. बरोबर आहे, बदलत नाही. २ इंची लेन्स दोन्ही तोंडांनी २ इंचीच. पण हे ५०.८ मिमी मोजायला कुठून सुरुवात करायची, ती जागा बदलते. मेनिस्कसमध्ये ती जागा फुगीर बाजूकडे ओढलेली असते. फुगीर बाजू वर असली की माप वरून सुरू होतं, खाली गेली की खालून. आपल्याकडे जास्त चालणारी लेन्स २० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची, झिंक सेलेनाइडची. ती त्याच खाचेत उलटी बसवली, तर फोकस सुमारे ४ मिमी खाली उतरतो. प्लॅनो असेल तर साधारण २ मिमी.

४ मिमी म्हणजे किती, ते मशीन चालवणाऱ्याला सांगायला नको. ६ मिमीचा किरण या लेन्समधून गेला तर फोकसला ठिपका जेमतेम ०.११ मिमीचा होतो, आणि तो बारीकपणा वरखाली मिलिमीटरभरच टिकतो. ४ मिमी चुकलं की ठिपका चौपट रुंद होतो, म्हणजे तीच पॉवर सोळापट जागेवर पसरते. एमडीएफ कापण्याऐवजी करपतं, ॲक्रेलिकची कड तिरकी येते, लग्नपत्रिकेच्या कागदाला तपकिरी कड धरते. आणि ऑपरेटर बिचारा मशीनबरोबर आलेला, नोझलपासून कामापर्यंतचं अंतर लावायचा फोकसचा ठोकळा लावून शपथेवर सांगतो की फोकस बरोबर आहे. ठोकळ्याचं मापही खरंच असतं, फक्त ते सुलट्या लेन्सचं असतं.

लाल ठिपका बघून फोकस लावणाऱ्यांसाठी एक सूचना. काही मशीनमध्ये लाल पॉइंटर त्याच लेन्समधून येतो. पण झिंक सेलेनाइड लाल प्रकाशाला जास्त वाकवतं, १०.६ मायक्रॉनच्या लेझरला कमी. त्यामुळे लाल ठिपका बारीक दिसतो ती जागा खऱ्या फोकसच्या ५ ते ६ मिमी वर असते. लाल ठिपका जागा दाखवायला ठीक आहे, फोकस लावायला नाही.

"मग ४ मिमी बेड खाली घेतो, लेन्स राहू दे उलटीच," असंही एका पत्रिकावाल्यांनी सुचवलं होतं. कापायचं काम त्यावर भागेलही. पण कडेचे किरण एका जागी आणि मधले दुसऱ्या जागी मिळण्याचा जो दोष असतो, ज्याला गोलीय दोष म्हणतात, तो उलट्या मेनिस्कसमध्ये सुलट्याच्या आठपट होतो. ६ मिमीच्या बारीक किरणाला आणि २ इंची लेन्सला हे फारसं जाणवत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. किरण ८ ते १० मिमीचा आणि लेन्स दीड इंची असेल तर मात्र रबर स्टॅम्पची अक्षरं भरून येतात आणि लाकडावरच्या फोटोतले डोळे जातात.

मेनिस्कस आकाराचं कारणही इथंच आहे. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) दीडच्या आसपास, म्हणून समांतर किरणासाठी जवळजवळ प्लॅनो आकारच चांगला ठरतो. झिंक सेलेनाइडचा २.४, तिथं सर्वांत कमी दोष मेनिस्कसमध्ये येतो. सरळ बसवलेल्या प्लॅनोपेक्षा दोष सुमारे एकतृतीयांशानं कमी. म्हणून ती महाग, आणि म्हणून ती उलटी घालणं म्हणजे जादा पैसे देऊन प्लॅनोपेक्षा वाईट काम घेणं.

एका फोटोग्राफर ग्राहकांनी आम्हाला बरोबर कोंडीत पकडलं होतं. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यात लेन्सची खोलगट बाजू बाहेर, दृश्याकडे असते, मग तुमचा नियम उलटा कसा? बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा बनवला, तिथं हा प्रश्न यायचाच. इंग्रज शास्त्रज्ञ वोलॅस्टननं १८१२ मध्ये लेन्स तशीच बसवली होती: खोलगट बाजू दृश्याकडे आणि पुढं बारीक भोक. कॅमेऱ्याला कडेकोपऱ्यापर्यंतचं दृश्य नीट हवं असतं, म्हणून खोलगट बाजू त्या भोकाकडे ठेवतात आणि मधला थोडा मऊपणा सोसतात. आपल्या मशीनमध्ये किरण लेन्सच्या मधूनच सरळ खाली येतो, कडेचा प्रश्नच नाही. चष्म्याची खोलगट बाजू डोळ्याकडे असते तीही अशाच हिशोबानं, कारण बुबुळ फिरतं. काम वेगळं, तोंड वेगळं.

बाजू ओळखायची कशी? लेन्स टिश्यूची जाड घडी करा आणि लेन्स कडेला धरून हलकेच तीवर ठेवा. फुगीर बाजू खाली असेल तर ती डुगडुगते, खोलगट किंवा सपाट असेल तर बसून राहते. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघू नका. दोन्ही पृष्ठभागांची प्रतिबिंबं एकदम दिसतात आणि गोंधळ वाढतो.

लेन्स ज्यात बसते ते हेड न उघडताही कळतं. एमडीएफची फूटभर पट्टी घ्या, एक टोक २० मिमी उचलून तिरकी ठेवा, खालून वरपर्यंत कमी पॉवरची एक रेघ मारा. रेघ जिथं सर्वांत बारीक आहे तिथं नोझलपासूनचं अंतर मोजा. ते ठोकळ्याइतकं आलं तर लेन्स सुलटी. ३ ते ४ मिमी (प्लॅनो असेल तर साधारण २) जास्त आलं तर पलटा. तरी जमलं नाही तर मग आरसे आणि ट्यूब. तेव्हा आम्हाला बोलवा.

लेन्स काढण्याआधी मशीनचा प्लग काढा, नुसतं बटण नको. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यू. शर्टाचं टोक, तोंडाची वाफ, थुंकी, काही नको. हा पदार्थ काचेपेक्षा खूप मऊ आहे. तो विषारीही आहे. लेन्स तडकली किंवा जळून पांढरी पडली तर मशीन बंद करा, भुकटी फुंकू नका, हातमोजे घालून गोळा करा. चपलांच्या कामातल्या मंडळींनी चामडं खुशाल कापावं, पण पीव्हीसीचं रेक्झिन नको. त्यातून निघणारा आम्लाचा धूर लेन्सच्या लेपाला आणि मशीनच्या लोखंडाला दोन्हींना खातो, फुफ्फुसाचं तर सोडाच.

लेन्स उलटी निघाली तरी आम्ही व्हिजिट चार्ज घेतो, याची तक्रार होते. यायला-जायला तेवढाच वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याचं बंद पडलेलं मशीन थांबून असतं. म्हणून तर हे पत्रक छापलं. आमच्याकडून लेन्स घेतली तर आम्ही ती तुमच्या हेडमध्ये काउंटरवरच बसवून देतो, त्याचे पैसे नाहीत. तुमच्या कामाला प्लॅनो पुरत असेल तर मेनिस्कस गळ्यात मारत नाही. नुसतं एमडीएफ कापणाऱ्याला तिचा फरक कळणारही नाही.

येताना हेड खोलून, लेन्स आतच ठेवून आणा. सुटी आणायचीच असेल तर डबीत, रुमालात नको. पत्रिकांच्या सीझनमध्ये दीड इंची मेनिस्कस लवकर संपते, तेव्हा निघण्याआधी एक फोन करा.