टॅक्ट टाइम घड्याळ लावून मोजायचा नसतो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात इंडस्ट्रियल इंजिनिअर आला, की मालक सांगतात, "हेमिंगचा (कड दुमडून शिवण्याचा) टॅक्ट बेचाळीस सेकंद आहे, तीसवर आणा." अहो, तो सायकल टाइम!

सायकल टाइम सगळ्यांना कळतो. एक टॉवेल उचलल्यापासून पुढचा उचलेपर्यंत ४२ सेकंद. दहा-वीस वेळा मोजा, सरासरी काढा, विषय संपला. लीड टाइम, म्हणजे ऑर्डर आल्यापासून माल हाती पडेपर्यंतचा वेळ, दिवसांत बोलतात, त्यात कुणी फसत नाही.

टॅक्ट मात्र मशीनवर सापडतच नाही, तो ऑर्डरमध्ये असतो: गिऱ्हाइकाची मागणी पुरी करायला दर किती सेकंदांनी एक टॉवेल तयार व्हायला हवा, तो आकडा. समजा पाळी ८ तासांची. जेवण-चहाची ३० मिनिटं वजा केली की उरतात २७,००० सेकंद. गिऱ्हाइकाला रोज ९०० टॉवेल हवेत, तर टॅक्ट ३० सेकंद. नवी मशीन आणा, माणसं दुप्पट करा, तो हलणार नाही. मागणी १,३५० झाली की तोच २० होतो. शिलाईवालीचे ४२ मात्र ४२च. म्हणून तिच्यावर ओरडून टॅक्ट कमी होत नाही.

वजाबाकीतही गडबड करतात. ठरलेली सुट्टी वजा करा, आधी कळवलेलं भारनियमनही करा. सुई तुटली, धागा संपला, हे वजा करायचं नाही म्हणजे नाही. एकदा ते हिशेबात मुरलं की सुई का तुटते हे कुणी विचारत नाही.

आता दोन्ही आकडे एकत्र आणा. हेमिंग, लेबल, तपासणी, घडी मिळून काम ९६ सेकंदांचं धरू. भागिले ३०, म्हणजे ३.२ माणसं. बहुतेक जण इथे चार बायका बसवून मोकळे होतात. इंडस्ट्रियल इंजिनिअरचं काम इथून सुरू होतं: ९६ चे ९० च्या आत आणायचे, थोडी ढील हवी तर ८६. लेबलचा डबा हाताशी, कात्री टांगलेली, तयार टॉवेल ठेवायला वाकावं लागू नये. हात भरभर चालवायला सांगायचं नाही. मग काम तिघींत सारखं वाटायचं.

चौथीला दुसऱ्या लाइनवर घ्या. तिला घरी बसवलंत, तर पुढच्या वेळी घड्याळ दिसताच सगळ्यांचे हात हळू चालतील, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही.