सारा बर्नहार्ट आणि लाकडी पायाची दंतकथा
फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांनी लाकडी पाय लावून रंगभूमी गाजवली, इतकेच नव्हे तर हॅम्लेटही त्याच पायावर उभा केला, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती खरी नाही. १८९९मध्ये पॅरिसला त्यांनी हॅम्लेट साकारला तेव्हा त्यांचे दोन्ही पाय शाबूत होते. पुढे दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात ‘ला तोस्का’ या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात तटावरून उडी घेताना उजव्या गुडघ्याला जबर मार बसला, दुखणे चिघळत गेले आणि अखेर फेब्रुवारी १९१५मध्ये बोर्दो येथे तो पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. कृत्रिम पाय त्यांना मानवलाच नाही. त्याऐवजी दोन बाजूंना दांडे असलेल्या पालखीवजा खुर्चीतून माणसे त्यांना उचलून नेत, आणि रंगमंचावर त्या बहुधा बसून किंवा एखाद्या सामानाला टेकून भूमिका करीत. पहिल्या महायुद्धात आघाडीवरच्या सैनिकांसमोरही त्यांनी असेच प्रयोग केले. कापलेल्या पायासाठी अमेरिकन सर्कसवाले बार्नम यांनी हजारो डॉलर देऊ केल्याची जोडकथा तर निव्वळ थाप आहे, कारण बार्नम १८९१मध्येच वारले होते.